होडीचं दुसरं टोक

काचताईला कुणी "नाही" म्हटलं की ती "बरं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची. तिसऱ्या दिवशी विचारायच्या भानगडीत न पडता सरळ करून मोकळी व्हायची. तिच्या धाकट्या भावाला हे कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. तरीही तो बिचारा कित्येक आठवडे रोज तिला "नाही" म्हणत होता, कारण ती रोज त्याच्या घरी येऊन विचारत होती, "मग, कधी येतोस कामावर?"

वडिलांचं काचेचं दुकान त्यांच्यामागे या दोघांनी चालवलं. चित्रांच्या चौकटी, खिडक्यांची तावदानं, टेबलांवरच्या काचा, आणि दुकानांच्या दर्शनी बाजूला लावायच्या त्या माणसाहून उंच, दाराहून रुंद काचा. लहान काच एकट्याने कापता येते, एकट्याने बसवताही येते. मोठ्या काचेला दोन माणसं लागतात, आणि तिथे कुणीही दोन माणसं चालत नाहीत. काच उभी धरायची, एकाने पुढे, एकाने मागे, दोघांच्या हातात काचेला घट्ट चिकटणारे रबरी कप, आणि पावलाला पाऊल मिळवून चालायचं. पुढच्याला मागचा दिसत नाही. पुढे धाकटा असायचा, मागे ताई. "मागे राहिलं की हुकूम सोडायला बरं पडतं तिला," असं धाकटा गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ते काही खोटं नव्हतं.

वडिलांनी दोघांना एक गोष्ट अगदी घोटून घेतली होती. काच निसटतेय असं ज्याला वाटेल त्याने "सोड" म्हणायचं. ऐकणाऱ्याने का, कशाला, काही विचारायचं नाही, हात काढून घ्यायचे आणि मागे उडी मारायची. काच वाचवायला जायचं नाही. हात घालायचा नाही, गुडघा लावायचा नाही. काच दुसरी मिळते, हात मिळत नाही. हे इतकं अंगात भिनलं होतं, की तो शब्द कानावर पडला की ताईची बोटं तिला न विचारता उघडायची.

तर चष्मेवाल्याच्या दुकानाची काच बसवायला गेले होते तेव्हाची गोष्ट. गाडीतून काच उतरवेपर्यंत दोघांची चांगली जुंपली होती. धाकट्याला काच कापायचं मशीन घ्यायचं होतं आणि ताईला वडिलांची हाताने काच कापायची हिरकणी पुरेशी होती. काच उचलली तरी तोंडं चालूच. पायऱ्यांपाशी आले आणि धाकटा मान न वळवता म्हणाला, "सोड." ताईने सोडली आणि मागे उडी मारली. त्याने सोडली नाही. मागचा कोपरा फरशीवर आपटला, काच उभी चिरली, आणि पुढचा अर्धा भाग त्याच्या उजव्या हातावरून घसरत खाली गेला.

दवाखान्यात, हातावर हे भलंमोठं बँडेज, तोंड पांढरंफटक, अशा अवस्थेत त्याने एकदाच विचारलं, "सोडलीस का गं, ताई?"

आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तू का नाही सोडलीस?"

झालं. पुढे घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, की तो विषय काढायचा नाही. ताईला मनातून वाटायचं, गाढवाने स्वतःच सांगितलं आणि स्वतःच काच वाचवायला गेला. मशीनपायी पैसे साठवत होता ना, काच फुटायला नको होती त्याला. पण जखमी माणसाच्या उशाशी बसून "चूक तुझीच" म्हणण्याइतकी ती दुष्ट नव्हती. तेव्हा तिने तोंडाला कुलूप घातलं, निदान त्या एका विषयापुरतं. धाकट्याच्या मनात काय होतं ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

जखम भरली. बोटं हलायला लागली, पण रुसल्यासारखी. हाताची डॉक्टरीण म्हणाली, स्नायू जुळलेत, आता वापरा, वापराल तेवढा हात परत येईल. धाकट्याने वापरला नाही. खिशात घालून ठेवला. आणि एक दिवस सांगून टाकलं, की मामेभावाच्या गोदामात टेबलामागे बसायची नोकरी आहे, परगावी, पुढच्या महिन्यापासून जातोय. काच पुन्हा उचलणार नाही.

"बरं," ताई म्हणाली.

आतून ती हादरली होती, पण ते दाखवेल तर ती काचताई कसली. चष्मेवाल्याच्या दुकानाला दर्शनी काचेच्या जागी अजून लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या. दुसऱ्या माणसांकडून काम करून घ्यायला तो केव्हाही मोकळा होता, पण तो थांबला होता. भेटला की म्हणायचा, "ताई, चष्म्याचं दुकान आणि आतलं काही दिसत नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, आधी तुम्हीच नंबर काढून घ्या." ताई हसायची आणि सांगायची, "बसवीन. मी आणि माझा भाऊच बसवू." हे ती कशाच्या जोरावर बोलत होती ते तिलाही माहीत नव्हतं. तिने ठरवलं होतं, एवढंच.

मध्यंतरी तिने दोन मदतनीस आणून बघितले. एक जण काच उचलल्यावर तिच्याआधी चालायला लागला, दुसरा चालेचना. दोघांनाही तिने चहा पाजून घरी पाठवलं.

धाकट्याची मुलगी, म्हणजे ताईची भाची, हिला लहानपणी चिमणी म्हणायचे. आता चिमणीची उंची अशी, की दारातून येताना वाकावं लागतं, पण नाव काही सुटलं नाही. तिने बापाच्या हाताला व्यायाम म्हणून एक खेळ आणला. टीव्हीला जोडायचा, आणि हातात धरायला बटणांचं एक यंत्र.

"रिमोट," ताई म्हणाली.

"कंट्रोलर, आत्या."

"तेच ते."

खेळ असा होता. पडद्यावर एक डोंगर, राखाडी, उघडाबोडका. डोंगराच्या पायथ्याशी एक होडी पडलेली. तुम्ही एक छोटंसं माणूस, ना चेहरा ना कपडे, नुसता गळ्याभोवती रंगीत पंचा. होडीच्या दुसऱ्या टोकाशी आणखी एक तसंच माणूस. ते मात्र खेळातलं नसतं, खरं असतं. जगात कुठेतरी कुणीतरी असाच घरी बसून ते चालवत असतं. दोघांनी मिळून होडी उचलायची, डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं आणि पाण्यात लोटायची. बास. ना गुण, ना शत्रू, ना गोळीबार. आणि बोलता येत नाही. लिहिता येत नाही, नाव दिसत नाही, कुठला कोण कळत नाही. एक बटण दाबून धरलं की होडी धरलेली राहते, बोट उचललं की सुटते. समोरच्याचा तोल गेला की कंट्रोलर हातात थरथरतो. चहाच्या वेळेला बसलं तर दिवे लागायच्या आत संपून जाईल एवढाच खेळ.

"याच्यात मजा काय?" ताईने विचारलं.

"बघ तर," चिमणी म्हणाली.

धाकटा रोज दुपारी थोडा वेळ खेळायचा. दाबून धरायचं बटण उजव्या तर्जनीखाली होतं, म्हणूनच चिमणीने हा खेळ निवडला होता. पोरीचं डोकं! पण तर्जनी दमली की त्याची होडी सुटायची, आणि तो कंट्रोलर आदळून उठायचा. "बघितलंस? हेच होणार," असं म्हणून खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा. अर्धा डोंगरही कधी चढून झाला नव्हता.

त्या दिवशीही तो असाच उठला. भावजय कामावर गेली होती, चिमणी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. पडद्यावर समोरचं माणूस नुसतं उभं होतं.

"अरे, तो थांबलाय ना तिथे!" ताई म्हणाली. "असं अर्ध्यावर टाकून उठतात का? दे इकडे."

आणि तिने कंट्रोलर उचलला.

आता काचताई म्हणजे हातात वस्तू आली की तोंड सुरू. "अहो, इकडे! डावीकडे घ्या. डावीकडे! अहो दगड आहे पुढे, दिसत नाही का?" चिमणी आतून ओरडली, "आत्या, त्यांना ऐकू जात नाही!" पण ताईचं चालूच. हुकूम सोडत सोडत चढाला लागली आणि कंट्रोलर एकदम थरथरला. ताईने चटका बसल्यासारखा तो मांडीवर टाकला आणि खुर्चीसकट मागे सरकली.

पडद्यावर होडी सुटली, समोरचं माणूस तिच्याखाली येऊन गडगडत पायथ्याशी गेलं.

"अगं बाई!"

ते माणूस उठलं. होडीपाशी आलं. आपलं टोक धरून उभं राहिलं. ताईनेही धरलं. पुन्हा चढ, पुन्हा थरथर, पुन्हा तिची बोटं उघडली. त्याला ती तरी काय करणार? सगळं आयुष्य हातांना तेच शिकवलेलं. या वेळी समोरचं माणूस उठलं, एक क्षण उभं राहिलं, आणि धूर विरावा तसं विरून गेलं.

"कुठे गेलं?"

"गेले ते सोडून," चिमणी चहा ठेवत म्हणाली. "कंटाळले असतील. जातात लोक."

ताईला हे इतकं लागलं की तिचं तिलाच नवल वाटलं. कोण कुठला माणूस, तोंड बघितलेलं नाही, नाव माहीत नाही, आणि तो आपल्याला टाकून गेला म्हणून इतकं मनाला लावून घ्यावं? तिने चहाला हात लावला नाही.

"परत लाव," ती म्हणाली.

"अगं चहा तरी..."

"परत लाव म्हणते ना."

खेळाने दुसरं माणूस आणून दिलं. याच्या गळ्यात लाल पंचा होता, म्हणून ताईने त्याचं नाव लगेच लाल्या ठेवून टाकलं. लाल्या उत्साही असावा, पहिल्या टप्प्याला भराभर निघाला. "दमानं रे बाबा," ताई म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की बोलून उपयोग नाही. आपण हळू चाललो की त्याला हळू चालावंच लागेल. ती हळू चालली. लाल्या हळू झाला. ताईच्या भुवया वर गेल्या. मदतनिसांना ओरडून ओरडून घसा बसला होता तिचा, आणि इथे न बोलता माणूस ऐकत होता.

पण चढ आलाच. थरथर आली आणि ताईने सोडली. लाल्या होडीसकट खाली.

"चिमणे, गेला का गं हाही?"

नव्हता गेला. उठून आला, होडीचं दुसरं टोक उचललं, आणि थांबला. ताईने पुन्हा तेच केलं. लाल्या पुन्हा पडला, पुन्हा आला, पुन्हा टोक उचलून उभा. किती वेळा झालं असेल कोण जाणे. एकदाही तो विरला नाही, एकदाही त्याने होडीला लाथ मारली नाही. यायचा आणि उचलायचा. का सोडलीस, हे तो विचारूच शकत नव्हता. ताईचे डोळे भरून आले. या घरात इतके दिवस बोलू नये ते सोडून बाकी सगळं बोललं जात होतं, सगळे एकमेकांना जपत होते, पण असं येऊन नुसतं टोक उचललं नव्हतं कुणी. तिनेही नाही. ती रोज येऊन विचारत होती.

धाकटा खिडकीपाशी उभा होता खरा, पण त्याची पाठ केव्हाच खिडकीकडे वळली होती. तो पडदा बघत होता. पुढच्या चढाला ताईची बोटं उघडली तसा तो उसळून म्हणाला, "अगं सोडतेस काय सारखी! मी म्हणालो का सोड?"

"आत्ता नाही म्हणालास," ताई पडद्यावरची नजर न काढता बोलली. "तेव्हा म्हणालास."

"तेव्हा कधी?"

चिमणी कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. विषय निघाला होता.

ताईने मान वळवली. आता निघालाच आहे तर होऊन जाऊ दे, असा चेहरा केला तिने. "चष्मेवाल्याच्या पायरीवर. मान न वळवता म्हणालास, सोड. मी सोडली. सांगितलंस तू, आणि स्वतः मात्र धरून बसलास. मी तुला कधी बोलले नाही, कारण तुझा हात... पण म्हणालास तू. माझे कान फुटलेले नाहीत."

"मी काच सोड कशाला म्हणेन? काच व्यवस्थित होती!" धाकटा बोलला आणि मध्येच थांबला. मग तो मटकन पलंगावर बसला. "अगं... ताई. ते मी मशीनचं म्हणालो."

"काय?"

"तू मशीनवरून टुमणं लावलं होतंस ना. मी म्हटलं, सोड. म्हणजे तो विषय सोड. जाऊ दे ना आता. कटकट नको. तसं सोड."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आणि तुला वाटलं काय इतके दिवस?" ताईने विचारलं.

धाकटा खिशातल्या हाताकडे बघत राहिला. "मला वाटलं, भांडत होतो आपण... तू रागाने सोडलीस."

"रागाने? मी? काच? तुझ्या अंगावर?"

"अगं, मला काय माहीत! मी पुढे होतो. एकदम वजन आलं. तू तर दोन हात लांब उभी होतीस."

"मुडद्या," ताई म्हणाली, आणि रडायला लागली. "माझ्या हाताने तुला न्हाऊमाखू घातलंय मी. रागाने सोडेन? हेच ओळखलंस होय मला?" तिने हातातला कंट्रोलर त्याच्या अंगावर फेकायला उचलला, तेव्हा चिमणी किंचाळली, "आत्या, तो अजून उभाय!"

पडद्यावर लाल्या उभा होता. होडीचं त्याचं टोक उचललेलं, तसंच धरलेलं. इकडे काय महाभारत झालं ते त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. तो थांबला होता, बस्स.

धाकटा उठला आणि ताईच्या शेजारी येऊन टेकला. "सरक," तो म्हणाला. खिशातून हात काढला आणि कंट्रोलरच्या त्या बटणावर तर्जनी ठेवली. "मी धरतो. तू चाल."

असे एकाच कंट्रोलरवर दोघं डोंगर चढले. चालवायची ताई, धरायचं धाकट्याने. थरथर आली की ताईचे हात उघडायला बघत, पण धरायचं बटण तिच्याकडे नव्हतंच. त्याची तर्जनी दमली की ती चालणं थांबवायची, तो होडी हळूच टेकवायचा, आणि लाल्यालाही आता कळलं होतं, तोही टेकवायचा आणि थांबायचा. तिघांचा मिळून मेळ बसला. माथ्यावर वारा होता, तिथे कुणीच घाई केली नाही. पलीकडे खाली पाणी दिसलं तेव्हा चिमणीने टाळी वाजवली आणि लगेच हात आवरले.

होडी पाण्यात गेली. दोन्ही माणसं आत बसली. लाल्या आपल्या टोकाला, हे दोघं मिळून एक आपल्या टोकाला. होडी तरंगत गेली, पडदा उजळत उजळत पांढरा झाला आणि संपलं. ना नाव, ना पत्ता.

"अरे, आभार तरी मानू द्यायचे," ताई नाक पुसत म्हणाली. "कोण होता बिचारा?"

"बाईही असेल," चिमणी म्हणाली. "किंवा आपल्यासारखे दोघं."

एवढं झाल्यावर कुणालाही वाटेल, की आता धाकटा उद्यापासून कामावर. ताईलाही वाटलं. तिने डोळे पुसून विचारलंच, "मग?"

"ताई, कळलं ते फार बरं झालं. छातीवरचा दगड उतरला. पण हात तोच आहे ना? बटण धरणं वेगळं आणि काच धरणं वेगळं. मी जाणार आहे गोदामात."

"बरं," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली, पण विचारलं नाही. धाकट्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

ती चष्मेवाल्याच्या दारात होती. कारखान्याच्या माणसांनी नवी काच आणून फुटपाथवर काच ठेवायच्या लाकडी घोडीला टेकवून ठेवली होती. फळ्या काढून झाल्या होत्या. चौकट पुसून, खालच्या रबरी पट्ट्या बसवून तयार. आणि काचताई काचेच्या एका टोकाशी, रबरी कप धरून उभी होती. मागच्या नव्हे, पुढच्या. आयुष्यात ती त्या जागी कधी उभी राहिली नव्हती. मागच्या टोकाला पलीकडच्या बाजूने धरलं की भार डाव्या हातावर येतो, उजव्याने नुसतं सावरायचं असतं. हे तिने आधी दुकानात लहान काचेवर करून बघितलं होतं. त्या टोकाला दुसरा कप चिकटवून ठेवला होता.

"ताई, चहा?" चष्मेवाला.

उत्तर नाही.

"ताई, बसा तरी. कुणाची वाट बघताय?"

उत्तर नाही. चष्मेवाला घाबरला. त्याने चिमणीला फोन लावला. चिमणीने बापाला सांगितलं, "बाबा, आत्या काच धरून उभीय. एकटी. आणि बोलत नाहीये."

"बोलत नाहीये?" धाकटा ताडकन उठला. "म्हणजे? बरं नाही का तिला?"

तो जवळजवळ धावतच आला. बहीण पाठमोरी उभी, मान सरळ, समोर चौकटीकडे नजर. घाबरण्यासारखं काही नव्हतं, चांगली ठणठणीत होती. त्याने बघितलं, ती कुठल्या टोकाला उभी आहे ते. मागे रिकामं टोक. दुकानाच्या प्रत्येक पायरीवर तिने जाड रबराचे तुकडे मांडून ठेवले होते, काच टेकवायला.

"ताई."

ती वळली नाही.

"ताई, असं नसतं करायचं. मी सांगितलंय ना तुला? ऐकतेस का? बोल की काहीतरी!"

तिच्या जिभेवर काय काय आलं असेल याची कल्पना तिला ओळखणाऱ्यालाच यावी. तिने ओठ आत ओढून घेतले आणि उभी राहिली. खांदे दुखायला लागले होते. तो गेला तर, हा विचार मनात येत होता आणि ती तो पुढे सरकू देत नव्हती. गेला तर उद्या पुन्हा उभी राहीन. परवा पुन्हा.

चष्मेवाला दारात, बापामागून आलेली चिमणी कोपऱ्यावर. धाकट्याने एकदा रस्त्याच्या टोकाकडे बघितलं, एकदा हाताकडे. शिवी दिली, हळूच, कुणाला ते कळलं नाही. मग तो काचेच्या पलीकडे गेला.

ताईला दिसलं काहीच नाही. पण काचेतून कळलं. कप दाबल्याचा बारीक धक्का आला, मग वजन हललं, मग निम्मं झालं. तिने उचललं. मागून उचललं गेलं.

पहिलं पाऊल तिने इतकं जपून टाकलं की बघणाऱ्याला ती उभीच आहे असं वाटलं असतं. मागे डोळे नसताना चालायचं म्हणजे काय, आणि हा माणूस वर्षानुवर्षं असा माझ्या भरवशावर पुढे चालत होता, हे तिला त्या फुटपाथवर समजलं. दुसरं पाऊल. तिसरं. पहिल्या पायरीवर काच थरथरली.

तिची बोटं उघडायला निघाली. तिने दात दाबले आणि ती बंद ठेवली. शब्द आलेला नव्हता. शब्द येईपर्यंत सोडायचं नाही. थरथर वाढली तशी ती गुडघ्यात वाकली आणि आपलं टोक खाली न्यायला लागली. मागचं टोकही तिच्याबरोबरच खाली येत होतं. काच रबरावर टेकली. मागून धाकट्याचा धापा टाकण्याचा आवाज आला. ती थांबली. घाई कुणाला होती? पुन्हा कपावर तो बारीक धक्का आला, आणि तिने उचललं.

अशी टेकवत, थांबत, उचलत काच गेली. एरवी दोघांनी चालता चालता केलं असतं ते काम. रस्त्यावरच्या लोकांनी बघून बघून कंटाळून आपापली वाट धरली. शेवटी खालची कड पट्टीत बसली, वरची कड चौकटीला लागली, आणि धाकटा आत जाऊन आतल्या बाजूने पट्ट्या दाबायला लागला. डाव्या हाताने दाबायचा, उजव्या हाताच्या बोटांनी चाचपून बघायचा. बाहेरून ताई काचेला दोन्ही तळवे लावून उभी.

आता दोघं समोरासमोर होते, मध्ये काच. घामाने त्याचा सदरा भिजला होता. त्याने शेवटची पट्टी दाबली, तिच्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलला. जाड काच. ओठ हलले एवढंच दिसलं.

"काय?" ताई ओरडली. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द. "ऐकू येत नाही!"

त्याने मान हलवली, खिशातून फोन काढला आणि कुणाला तरी लावला. उजव्या हाताने धरून, तिच्याकडे बघत बोलत राहिला. चष्मेवाला दारात उभा होता, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"काय म्हणतोय तो?" ताईने त्याला दरडावलं. "सांगा ना, कुणाशी बोलतोय?"

"त्या गोदामवाल्याशी बोलतायत," चष्मेवाला म्हणाला. "दुसरा माणूस बघ म्हणतायत. म्हणाले, माझं इथे काम आहे, बहिणीबरोबर."

ताईने काचेला कपाळ टेकलं आणि भर रस्त्यात, लोकांच्या देखत, मोकळेपणाने रडली.